पिशवीवरची तारीख

घाटकोपरच्या एका इस्पितळात, रात्री अकराच्या सुमारास, माझ्या मामांनी सिस्टरच्या हातातली रक्ताची पिशवी अडवली. मामींचं ऑपरेशन झालं होतं, हिमोग्लोबिन साडेसहावर आलं होतं आणि मामा चष्मा कपाळावर चढवून पिशवीचं लेबल डोळ्यांजवळ धरून वाचत होते. लेबलावर दोन तारखा होत्या, एक रक्त काढल्याची आणि एक मुदत संपण्याची. पहिली तारीख बावीस दिवसांपूर्वीची.

“सिस्टर, हे शिळं आहे.”

“काका, तेरा दिवस आहेत अजून मुदतीला.”

“मुदत बिस्किटांना असते. रक्त ताजं नको? माझा मुलगा खाली उभा आहे, त्याचं काढा.”

“फ्रीजमधल्या रक्ताला काही होत नाही, काका. चढवू द्या मला.”

मामा बाजूला झाले, पण त्यांचं समाधान झालं नाही. रोज सकाळी कल्ले उघडून, आतला लाल रंग बघूनच पापलेट घेणारा माणूस तो. ताजं आणि शिळं यातला फरक आपल्याला कळतो, असा त्यांचा ठाम समज. पुढे या विषयात वाचत गेलो तेव्हा कळलं की त्या रात्री दोघंही अर्धे बरोबर होते. फ्रीजमधल्या रक्ताला बरंच काही होतं. पण ते किती झालेलं चालेल हे माणसांनी मोजून ठरवलं आहे आणि त्यासाठी शंभर वर्षं घासाघीस केली आहे. लेबलावरची दुसरी तारीख हा त्या घासाघिशीत ठरलेला आजचा भाव.

आपल्या बोलण्यात या इतिहासाचे तुकडे अजून पडलेले आहेत. ‘मामींना दोन बाटल्या रक्त लागलं’ असंच आम्ही नातेवाइकांना फोनवर सांगितलं. बाटली कुणीच पाहिली नव्हती. काचेची बाटली जाऊन तिच्या जागी प्लॅस्टिकची पिशवी आली त्याला एक पिढी उलटली, पण शब्द मागे राहिला. ‘रक्तपेढी’चंही तेच. पेढी हा सावकारीतला शब्द, आणि तो रक्ताला कसा चिकटला त्याचीही गोष्ट आहे. ती पुढे येईलच.

पहिल्या महायुद्धाआधी रक्त साठवण्याचा प्रश्नच नव्हता. १९०१ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टाइनर यांनी रक्तगट शोधले, तरी रक्त देणारा आणि घेणारा यांना शेजारी निजवून, एकाची धमनी दुसऱ्याच्या शिरेला जोडून रक्त द्यावं लागे. अंगातून बाहेर आलेलं रक्त काही मिनिटांत गोठतं. १९१४ मध्ये ब्रुसेल्सचे अल्बेर उस्तँ आणि ब्युनोस आयर्सचे लुईस अगोते या दोघांनी स्वतंत्रपणे सोडियम सायट्रेट वापरलं. हा लिंबाच्या आम्लाचा क्षार. ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं आणि कॅल्शियम मोकळं नसलं की रक्त गोठत नाही. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या रिचर्ड लुइसन यांनी माणसाला न बाधणारं प्रमाण ठरवलं, ०.२ टक्के. रक्त आता वाटीत राहू लागलं. पण टिकत नव्हतं.

टिकवण्याची पहिली युक्ती १९१६ ची, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतल्या पेटन राउस आणि जे. आर. टर्नर यांची. त्यांनी सायट्रेटमध्ये साखर घातली. आपल्याला हे ऐकून मोरावळा आठवेल, पण इथली साखर टिकाऊपणासाठी नव्हती, ती खाऊ म्हणून होती. तांबड्या पेशीला ना केंद्रक, ना ऊर्जा बनवणारी मायटोकाँड्रिया. हिमोग्लोबिनला जागा करून देण्यासाठी तिने घरातलं सगळं सामान बाहेर काढलेलं असतं. उरते फक्त साखर जाळून पोट भरण्याची एक जुनी चूल. बाटलीत साखर असेल तोवर पेशी जगेल. आणि थंडीत ठेवली तर चूल मंद होईल, साखर पुरवून पुरवून खाल्ली जाईल. राउस-टर्नर यांनी सशांच्या पेशी अशा रीतीने चार आठवड्यांपर्यंत टिकवून दाखवल्या. याच राउस यांना पन्नास वर्षांनी, १९६६ मध्ये, नोबेल मिळालं, ते मात्र कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूसाठी. रक्ताचं काम त्यांच्या चरित्रात तळटिपेसारखं उरलं.

तळटीप उचलली त्यांच्याच प्रयोगशाळेत काम केलेल्या ऑस्वल्ड रॉबर्टसन यांनी. १९१७ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर असताना त्यांनी ओ गटाच्या सैनिकांचं रक्त आगाऊ काढून बाटल्यांत भरलं, दारूगोळ्याच्या रिकाम्या पेट्यांत बर्फ आणि लाकडाचा भुसा घालून त्यात त्या बाटल्या ठेवल्या आणि काम्ब्रेच्या लढाईत जखमींपर्यंत नेल्या. जगातली ही पहिली रक्तपेढी, असं आज म्हणतात. बर्फाची पेटी तेव्हापासून रक्ताच्या पाठीला चिकटली ती कायमची. २०१४ मध्ये महाराष्ट्र सरकारने ‘जीवन अमृत’ नावाची योजना काढली होती. १०४ ला फोन करायचा आणि चाळीस किलोमीटरच्या आतल्या इस्पितळात मोटारसायकलवरून शीतपेटीतून रक्त पोचायचं. त्या मोटारसायकलच्या मागे बांधलेला डबा हा रॉबर्टसनच्या पेटीचा थेट वंशज.

नंतर पेढी आली. शिकागोच्या कुक काउंटी इस्पितळात बर्नार्ड फँटस यांनी मार्च १९३७ मध्ये फ्रीजमध्ये साठवलेल्या रक्ताची खोली सुरू केली आणि तिला नाव दिलं ‘ब्लड बँक’. ज्या विभागाने जितकं रक्त जमा केलं तितकं त्याच्या खात्यावर, तितकंच काढता येणार. ठेव आणि उचल. मराठीने त्याला ‘पेढी’ म्हटलं ते अचूक होतं, कारण पुढे कित्येक वर्षं आपल्याकडेही हिशेब असाच चालला. एक बाटली हवी तर नातेवाइकाने एक द्यायची, ‘बदली रक्त’. फँटस यांच्या फ्रीजमध्ये रक्त साधारण दहा दिवस ठेवत. मार्च २०२० मध्ये भारताच्या औषध नियमांतून ‘ब्लड बँक’ हा शब्द गेला, कागदोपत्री आता ‘रक्तकेंद्र’ आहे. मुलुंडला रिक्षावाल्याला रक्तकेंद्र सांगून बघा. तो विचारेल, “ब्लड बँक का?”

दहा दिवसांचे एकवीस कसे झाले, हा या सगळ्या वंशावळीतला मला सर्वांत आवडणारा भाग. अडचण स्वयंपाकघरातली होती. सायट्रेट आणि साखर यांचं द्रावण जंतूमुक्त करायला उच्च दाबाच्या वाफेत तापवावं लागतं आणि तापवलं की साखर करपते. पाक जरा जास्त झाला की तपकिरी होतो, तसंच. म्हणून दोन्ही वेगवेगळी तापवून नंतर मिसळत, आणि मिसळताना जंतू शिरत. १९४३ मध्ये, ऐन युद्धात, लंडनच्या जॉन लूटिट आणि पॅट्रिक मॉलिसन यांनी द्रावणात थोडं आम्ल घातलं. आम्लात साखर करपत नाही. आता सगळं एकाच बाटलीत, एकदाच तापवता येऊ लागलं. गंमत अशी की त्या आंबटपणाने पेशीही जास्त टिकल्या. एसीडी नावाच्या या द्रावणाने मुदत एकवीस दिवसांवर नेली आणि पुढची तीस-पस्तीस वर्षं जगभर ‘रक्त किती टिकतं?’ या प्रश्नाचं उत्तर ‘तीन आठवडे’ असंच राहिलं.

पण ‘टिकतं’ म्हणजे काय? दूध नासलं की वासाने कळतं. रक्ताला तसा वास नाही. मॉलिसन आणि त्यांच्या काळच्या लोकांनी एक साधा, जवळजवळ हिशेबनिसाचा प्रश्न विचारला: चढवलेल्या पेशींपैकी दुसऱ्या दिवशी किती शिल्लक आहेत? आधी सत्तर टक्के शिल्लक असाव्यात असं मानलं, पुढे पंचाहत्तर ठरलं. त्याशिवाय साठवणीत फुटलेल्या पेशींचं प्रमाण १ टक्क्याच्या आत असावं, युरोपात ०.८. जगातल्या प्रत्येक रक्ताच्या पिशवीवरची मुदत याच कसोटीतून निघते. याचा उलटा अर्थही घ्यावा लागतो. मुदतीच्या शेवटच्या दिवशी चढवलेल्या रक्तातल्या जवळजवळ चौथ्या हिश्शापर्यंतच्या पेशी चोवीस तासांत प्लीहा आणि यकृत मोडीत काढतात, आणि तरीही ते रक्त नियमानुसार उत्तम असतं. मामांना हे त्या रात्री माहीत असतं तर सिस्टरची काही धडगत नव्हती.

एकवीसचे पस्तीस झाले ते ॲडेनीनमुळे. थंडीत चूल मंद होते तशी पेशीतली एटीपी नावाची ऊर्जेची नाणीही घटत जातात. साठच्या दशकात जपान आणि अमेरिकेतल्या संशोधकांना दिसलं की ॲडेनीन घातलं तर ही नाणी पुन्हा पाडता येतात. सीपीडीए हे ॲडेनीनवालं द्रावण १९७९ मध्ये अमेरिकेत मान्य झालं. आपल्या शिबिरांत साडेतीनशे मिलीच्या पिशवीत रक्त घेतात तेव्हा त्यात आधीच ४९ मिली हे द्रावण असतं, साडेचारशेच्या पिशवीत ६३. स्वीडनच्या उप्साला इथल्या क्लास हॉगमन यांनी नंतर वेगळीच वाट काढली. प्लाझ्मा पूर्ण काढून घ्यायचा आणि उरलेल्या पेशींना मीठ, ॲडेनीन, साखर यांचं द्रावण द्यायचं. पुढे त्यात मॅनिटॉल घातलं, कारण त्याने पेशी कमी फुटतात. हेच सॅगम, आणि यात मुदत बेचाळीस दिवस. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची ‘पीसीव्ही’ किंवा ‘पॅक सेल’ बहुतेक वेळा यातच बुडवलेली असते.

पिशवीचं स्वतःचंही यात एक अंग आहे. १९५० मध्ये बोस्टनच्या कार्ल वॉल्टर आणि विल्यम मर्फी यांनी काचेऐवजी प्लॅस्टिक आणलं, फुटू नये आणि पेशी वेगळ्या करणं सोपं व्हावं म्हणून. भारतात काच बरीच वर्षं चालली. ऐंशीच्या दशकात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने पिशवीचं तंत्र इथेच विकसित केलं, पेनिन्सुला पॉलिमर्स या कंपनीने ते उत्पादनात आणलं आणि मग देशी पिशव्या हळूहळू सगळीकडे पोचल्या. प्लॅस्टिक मऊ करण्यासाठी त्यात एक थॅलेट घालतात. ते पाझरून रक्तात उतरतं. हा दोष म्हणून अभ्यासायला घेतला तर दिसलं की ते पेशीच्या पापुद्र्यात शिरून त्याला मजबूत करतं आणि काचेपेक्षा पिशवीत पेशी कमी फुटतात. आता युरोपने त्याला हद्दपारीची तारीख दिली आहे. मऊपणा देणारं दुसरं काहीतरी मिळेल, पण रक्त राखणारं मिळवताना कारखान्यांची दमछाक होते आहे. विषाने औषधाचं काम करावं, हा प्रकार आपल्या वैद्यांना नवा नाही.

आता पिशवीच्या आत काय होतं ते. फ्रीजचं तापमान २ ते ६ अंश. पहिल्या दोन आठवड्यांत डीपीजी नावाचं रसायन जवळजवळ संपतं. हे नसेल तर हिमोग्लोबिन प्राणवायू घट्ट धरून बसतं, पेशीजालाला सहज सोडत नाही. साठवलेल्या रक्ताचा हा चिक्कूपणा व्हाल्टिस आणि केनेडी यांनी १९५४ मध्येच नोंदवला होता. अंगात गेल्यावर दोन-तीन दिवसांत तो जातो. पेशीच्या पापुद्र्यात सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ढकलणारे पंप असतात, ते थंडीत बंद पडतात. त्यामुळे पोटॅशियम पाझरून बाहेर येतं. मोठ्या माणसाला एक-दोन पिशव्यांनी त्याचा त्रास होत नाही, पण नवजात बाळाला भरपूर रक्त द्यायचं असेल तर हृदयावर बेतू शकतं. म्हणून तान्ह्या बाळांसाठी पाच-सात दिवसांच्या आतलं रक्त मागतात, आणि तिथे ‘ताजं द्या’ हा आग्रह शंभर टक्के बरोबर असतो. साखर जळून लॅक्टिक आम्ल साठतं. पेशीचा आकार बदलतो. मधे दबलेली, उडदाच्या वड्यासारखी चकती आधी काटेरी होते, फणसासारखी, आणि मग गोल, ताठ. प्लीहेतल्या बारीक फटींतून वाकून जायची लवचीकता जाते. पापुद्र्याचे कण सुटे होतात. काही पेशी फुटतात आणि मोकळं हिमोग्लोबिन रक्तवाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड वायू खाऊन टाकतं. या सगळ्या बिघाडाला डॉक्टर लोक ‘साठवणीची इजा’ म्हणतात. शब्द बरा आहे, कारण हे नुसतं शिळं होणं नाही, ही थंडीने केलेली जखम आहे.

एका पिशवीतल्या सगळ्या पेशी एका वयाच्या नसतात, हेही विसरून चालत नाही. पेशीचं आयुष्य १२० दिवसांचं. दात्याच्या अंगातून निघताना काही कालच जन्मलेल्या, काही उद्या मरणाऱ्या. आणि सगळ्यांचं रक्त सारखं टिकतही नाही. ज्यांच्यात जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असते त्यांच्या पेशी फ्रीजमध्ये लवकर थकतात, हे अलीकडे मोजून दाखवलं गेलं. लेबलावरची तारीख मात्र सगळ्यांना एकच.

मग ताजं रक्त चांगलं का? २००८ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकने हृदयशस्त्रक्रियेच्या सहा हजार रुग्णांच्या नोंदी तपासल्या. चौदा दिवसांपेक्षा जुनं रक्त मिळालेल्यांमध्ये मृत्यू जास्त, २.८ टक्के, ताजं मिळालेल्यांत १.७. जगभर खळबळ उडाली. पण नोंदी तपासणं वेगळं आणि चिठ्ठ्या टाकून रुग्णांना वाटून बघणं वेगळं. पुढच्या दहा वर्षांत तेही झालं. सर्वांत मोठा अभ्यास २०१६ चा, चार देशांतले वीस हजारांहून जास्त रुग्ण, एका गटाला सरासरी १३ दिवसांचं रक्त, दुसऱ्याला २३.६ दिवसांचं. मृत्यू ९.१ आणि ८.७ टक्के. म्हणजे ताज्यात कणभर जास्तच, पण फरक न मोजण्याइतका. मला मात्र २०१५ चा युगांडातला अभ्यास महत्त्वाचा वाटतो. कंपालातल्या मुलागो इस्पितळात, हिवतापाने आणि पंडुरोगाने बेजार झालेली २९० लहान मुलं. अर्ध्यांना दहा दिवसांच्या आतलं, अर्ध्यांना २५ ते ३५ दिवसांचं. दोन्ही गटांतल्या मुलांच्या शरीरात प्राणवायू सारख्याच वेगाने पोचला. आपल्याकडच्या वॉर्डांशी या मुलांचं नातं क्लीव्हलँडच्या रुग्णांपेक्षा जवळचं.

तेव्हा मामा हरले. पूर्ण मात्र नाही. या चाचण्यांत पाचव्या-सहाव्या आठवड्यातलं रक्त फार थोड्यांना मिळालं होतं. कोलंबिया विद्यापीठातल्या लोकांनी निरोगी स्वयंसेवकांना त्यांचंच रक्त एक ते सहा आठवडे ठेवून परत दिलं, तेव्हा सहाव्या आठवड्याच्या पिशवीनंतर मेलेल्या पेशींचं लोह अंगात मोकळं फिरताना दिसलं. त्यांची शिफारस होती, बेचाळीसऐवजी पस्तीसवर थांबा. म्हणजे आपल्या साध्या सीपीडीएच्या जुन्या मुदतीवरच.

लोहाचा हा मुद्दा ज्यांना रोजच्या जगण्यात भिडतो ती माणसं उपनगरांत भरपूर आहेत. थॅलेसेमियाचा दोष वाहणाऱ्यांचं प्रमाण सिंधी, कच्छी भानुशाली आणि लोहाणा कुटुंबांत जास्त आहे, आणि मुलुंड-घाटकोपर ही या कुटुंबांची जुनी वस्ती. आईवडील दोघंही वाहक असतील तर दर बाळंतपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक. अशा मुलाला आयुष्यभर दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. बोरिवली पूर्वेला महापालिकेचं थॅलेसेमियाचं मोठं केंद्र आहे, शीव रुग्णालयाच्या छत्राखालचं, तिथे अस्थिमज्जा बदलण्याचीही सोय आहे. ती सगळ्यांच्या नशिबी नसते. बाकीच्यांसाठी रक्ताची पिशवी हाच महिन्याचा किराणा.

एका पिशवीत दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह असतं. शरीर रोज बाहेर टाकू शकतं साधारण एक मिलिग्रॅम. उरलेलं यकृतात, हृदयात, ग्रंथींत साठत जातं आणि ते काढायला वेगळी औषधं लागतात. आता हिशेब करा. पिशवी जुनी असेल आणि पाचातली एक पेशी पहिल्याच दिवशी मोडली, तर चाळीस-पन्नास मिलिग्रॅम लोह अंगात पडलं आणि त्या पेशींनी प्राणवायू वाहिला नाही तो नाहीच. शिवाय हिमोग्लोबिन लवकर उतरतं, पुढची खेप लवकर येते. म्हणून या मुलांना शक्यतो दोन आठवड्यांच्या आतलं रक्त द्यावं असं त्यांच्या उपचारांचे नियम सांगतात. मामींना बावीस दिवसांची पिशवी चालली, ती त्यांना एकदाच लागणार होती. मुलुंडच्या एखाद्या मुलीला ती वर्षातून वीस वेळा लागते. एकाच तारखेचा दोघींसाठी अर्थ वेगळा.

मुंबईच्या नावाचं एक रक्त तर कुठल्याच तारखेत बसत नाही. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांनी इंग्लंडच्या संशोधकांबरोबर ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्या गटाची नोंद केली. तोच बॉम्बे गट. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा, आणि या माणसांना ओ गटाचंसुद्धा रक्त चालत नाही. इतकं दुर्मीळ रक्त पस्तीस दिवस फ्रीजमध्ये ठेवून गिऱ्हाइकाची वाट बघणं परवडत नाही. ग्लिसरॉल घालून उणे ६५ अंशांखाली गोठवलं तर दहा वर्षं टिकतं. ग्लिसरॉलची वाट ऑड्री स्मिथ यांनी १९५० मध्ये दाखवली आणि गोठवलेल्या पेशी माणसाला देऊन बघणाऱ्यांत पुढच्याच वर्षी आपले मॉलिसन होते. पण ते महाग, आणि वितळल्यावर पेशी धुवाव्या लागतात. म्हणून या गटाची साठवण माणसांतच होते. दात्यांची यादी आणि फोन नंबर. २०१६ मध्ये ढाक्यातल्या एका अपघातग्रस्त तरुणासाठी मुंबईतल्या चार दात्यांचं रक्त शीतपेटीतून बांगलादेशला गेलं होतं.

बाकीच्या गटांचं रक्त माणसांत साठवून चालत नाही, ते आधी काढून ठेवावं लागतं, आणि इथून पुढची गोष्ट विज्ञानाची कमी, पंचांगाची जास्त. पूर्वी पैसे घेऊन रक्त देणारे होते, हवं तेव्हा बोलवा. ४ जानेवारी १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ते बंद करायला लावलं आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्तविक्री थांबली. चांगलंच झालं. पण मग रक्त शिबिरांतून येऊ लागलं आणि शिबिरं सणांच्या, जयंत्यांच्या, नेत्यांच्या वाढदिवसांच्या मागे लागली. २५ एप्रिल २०१० ला गोरेगावात शिवसेनेच्या महारक्तदानात एका दिवसात चोवीस हजारांहून जास्त पिशव्या जमल्या, जागतिक विक्रम झाला. पंचांग काढा: त्यातल्या साध्या पिशव्यांची मुदत ३० मे, सॅगममधल्या पेशींची ६ जून. इतक्या पिशव्या एकाच तारखेला म्हाताऱ्या होतात. ११ जुलै २००६ च्या लोकल बाँबस्फोटांनंतर खारपासून बोरिवलीपर्यंतच्या इस्पितळांबाहेर रक्त द्यायला रांगा लागल्या. त्या रात्रीच्या पिशवीची पस्तिसावी तारीख १५ ऑगस्ट, म्हणजे नेमका तो दिवस जेव्हा गल्लोगल्ली नवी शिबिरं असतात. २०१७ मध्ये माहिती अधिकारातून बाहेर आलेला आकडा वर्तमानपत्रांत गाजला होता. पाच वर्षांत देशात २८ लाखांहून जास्त पिशव्या, रक्ताच्या आणि घटकांच्या, फेकून द्याव्या लागल्या. मुदत संपणं हे त्यातलं एक मोठं कारण. आणि दरवर्षी मे महिन्यात, दिवाळीच्या सुट्टीत, ‘तुटवडा’ अशी बातमी येतेच. कॉलेजं बंद, माणसं गावी.

माझं मत विचाराल तर मामांची हुज्जत चुकीच्या ठिकाणी होती. रात्री अकराला सिस्टरशी तारखेवरून भांडून काही मिळत नाही. भांडायचं असेल तर पिशवी वॉर्डात पोचेपर्यंत काय होतं यावर भांडावं. घाटकोपरच्या रक्तकेंद्रातून मुलुंडच्या नर्सिंग होमला पिशवी नेणारा नातेवाईक ती साध्या कॅरीबॅगमध्ये टाकून लोकल पकडतो, विक्रोळी, कांजूर, भांडुप, नाहूर, आणि मे महिन्याच्या गर्दीत ती छातीशी धरून उभा राहतो. दुसरा शहाणा ती बर्फाच्या लादीवरच ठेवतो. तिसरा रात्री घरच्या फ्रीजमध्ये, आणि तोही वरच्या बर्फाच्या कप्प्यात. गोठलं की पेशीत बर्फाचे काटे तयार होतात, वितळताना पेशी फुटतात आणि तसलं रक्त चढवलं तर मूत्रपिंडाशी गाठ. तीन आठवडे फ्रीजने जे सांभाळलं ते अर्ध्या तासात जातं. पिशवी शीतपेटीतूनच न्या, बर्फ आणि पिशवी यांच्यामध्ये कापड किंवा पुठ्ठा ठेवा, गरम पाण्यात बुडवू नका, आणि वॉर्डात तीस मिनिटांपेक्षा जास्त बाहेर राहिलेली पिशवी परत फ्रीजमध्ये जाणार नाही हे आधीच लक्षात घ्या.

आणि शिबिर भरवणाऱ्या मंडळांनी एक करावं: तारीख ठरवण्याआधी जवळच्या रक्तकेंद्राला फोन करावा. पुरुषाला तीन महिन्यांनी, बाईला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं. १५ ऑगस्टला दिलेली पिशवी १९ सप्टेंबरपर्यंत चालते, सॅगममध्ये २६ सप्टेंबरपर्यंत. १ मेला, महाराष्ट्र दिनी दिलेली ५ जूनपर्यंत, सॅगममध्ये १२ जूनपर्यंत. कॉलेजं जूनच्या मध्याला उघडतात.